गुरुजींची शाळा

शिकवणाऱ्याने स्वतः शिकायचे केव्हा, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला गेला. विसाव्या वर्षी अध्यापन-प्रमाणपत्र हाती घेऊन जो तरुण एखाद्या खेड्यातील प्राथमिक शाळेत रुजू होतो, तो पुढील तीस-पस्तीस वर्षे त्या दोन वर्षांच्या शिदोरीवरच वाटचाल करतो. मधल्या काळात शास्त्रे पुढे जातात, पाठ्यपुस्तके बदलतात, मुलांचे प्रश्नही बदलतात. गुरुजी मात्र जेथे असतात तेथेच राहतात. ग्रामसेवक, परिचारिका, तलाठी, कारकून यांची स्थिती याहून वेगळी नाही. त्यांना शिकण्यासाठी गावाबाहेर न्यावे तर मागे काम बंद पडते. जागेवर ठेवावे तर ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. सेवेत असलेल्या माणसाच्या शिक्षणातील ही अडचण चित्रवाणीच्या साहाय्याने सोडविण्याचा आपल्या देशातील पहिला भव्य प्रयत्न १९७५-७६ साली झाला. त्या प्रयत्नाच्या सहा केंद्रप्रदेशांपैकी एक होता रायपूर.

मराठी माणसाला रायपूर परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. पुढे मध्यप्रांतात नागपूर आणि रायपूर हे एकाच राज्यकारभाराचे घटक झाले व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तसेच राहिले. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, ते याच भूमीत. ज्या प्रयोगाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्याच्या सूत्रचालकांतही मराठी नावे ठळक होती. परंतु या हकीकतीचे महत्त्व त्या नात्यापुरते नाही. आज प्रत्येक कचेरीत, कारखान्यात आणि शाळेत पडद्यावरून शिक्षण देण्याची जी लाट आली आहे, तिच्या सर्व आशा आणि सर्व मर्यादा अर्ध्या शतकापूर्वी रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत दिसून आल्या होत्या. म्हणून तो अनुभव पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

त्यापूर्वी सेवेतील शिक्षकाला नवे काही शिकवावयाचे झाले म्हणजे जो मार्ग अनुसरला जाई, तो पायऱ्यापायऱ्यांचा होता. राजधानीतील तज्ज्ञाने काही निवडक मार्गदर्शकांना शिकवावयाचे, त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन दुसऱ्यांना शिकवावयाचे, आणि त्या दुसऱ्यांनी तालुक्यात येऊन प्रत्यक्ष शिक्षकांना. कागदावर ही रचना मोठी सुबक दिसते. महानदीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्यांना तिच्यातील दोष समजावून सांगण्याची गरज नाही. कालव्याच्या मुखाशी पाणी भरपूर असते; वाटेत काही झिरपते, काही फुटते, काही वरचा शेतकरी वळवून घेतो, आणि अखेरच्या शेताला ओल तेवढी लाभते. प्रत्येक पायरीवर मूळ विषयाचा एक पंचमांश भाग जरी गळला, तरी तिसऱ्या पायरीअखेर निम्मा विषय नाहीसा झालेला असतो. आणि खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचे शेत नेहमी कालव्याच्या शेवटीच असते.

ही गळती टाळून मूळ वक्त्याचा आवाज थेट शेवटच्या माणसापर्यंत नेण्याची कल्पना प्रथम रेडिओने सुचविली, आणि त्या दिशेचा अत्यंत नमुनेदार प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवरच झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम झाले. गावातील वीसएक मंडळी रेडिओभोवती जमत. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. आणि रेडिओ बंद झाल्यावर खरे काम सुरू होई. ऐकलेल्या विषयावर चर्चा होई, आपल्या गावात त्याचे काय करता येईल हे ठरे, मंडळाचा चिटणीस ते लिहून काढी आणि उद्भवलेले प्रश्न केंद्राकडे पाठवी. पुढील कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत अशी मंडळे होती, तेथील लोकांच्या ज्ञानात मंडळे नसलेल्या गावांच्या तुलनेने स्पष्ट भर पडल्याचे तीत आढळून आले. ऐकणे, बोलणे आणि करणे ही तीन अंगे एकत्र आली म्हणजे यंत्र शिक्षक होऊ शकते, एवढा धडा पुण्याच्या या प्रयोगाने दिला होता. रायपूरकडे वळताना तो ध्यानात ठेवावयाचा आहे.

रेडिओला एक मर्यादा होती. बी कसे रुजते, काचनळी कशी धरावी, जखमेवर पट्टी कशी बांधावी हे शब्दांनी सांगणे कठीण. ते डोळ्यांना दिसावे लागते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी चित्रवाणीचा प्रायोगिक आरंभ झाला, आणि १९६१ पासून तेथील शाळांसाठी पाठही दाखविले जाऊ लागले. १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी खेड्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला. तथापि चित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात. उंच मनोरा उभारला तरी त्यांची पोच पन्नास-साठ मैलांच्या पलीकडे सहसा जात नाही. साऱ्या देशाला अशा मनोऱ्यांचे जाळे घालावयाचे तर कित्येक दशके लागली असती; आणि पहिले मनोरे साहजिकच मोठ्या शहरांत उभे राहिले असते. ज्यांची गरज सर्वांत मोठी, त्यांचा क्रम सर्वांत शेवटी लागला असता.

डॉ. विक्रम साराभाई यांनी हा क्रमच उलटा करण्याचा विचार मांडला. मनोरा जर आकाशातच उभारला, तर दिल्लीचे उपनगर आणि छत्तीसगडचे खेडे ही दोन्ही त्याला सारखीच जवळ. या विचारातून भारताचे अणुशक्ती खाते आणि अमेरिकेची नासा ही संस्था यांच्यात १८ सप्टेंबर १९६९ रोजी करार झाला. नासाने आपला एक उपग्रह एका वर्षापुरता भारताला वापरावयास द्यावयाचा. जमिनीवरील यंत्रणा, ग्रहण-संच, कार्यक्रम आणि त्यांचे मूल्यमापन ही सर्व जबाबदारी भारताने उचलावयाची. साराभाईंना हा प्रयोग पाहावयास मिळाला नाही. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. परंतु त्यांनी जोडलेली माणसे मागे होती. प्रा. सतीश धवन यांच्याकडे अवकाश-संशोधनाची धुरा आली, प्रा. यशपाल अहमदाबादच्या केंद्राचे संचालक झाले. आणि या शैक्षणिक प्रयोगाचे कार्यव्यवस्थापक म्हणून कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस यांनी काम पाहिले. चित्रवाणीच्या तंत्राची आखणी व अंमलबजावणी यांत प्रमोद काळे यांचा वाटा मोठा होता.

३० मे १९७४ रोजी अवकाशात गेलेला हा उपग्रह आरंभी अमेरिकेच्या सेवेत होता. १९७५ च्या मध्यावर तो पूर्वेकडे सरकवून पूर्व आफ्रिकेच्या वर, विषुववृत्ताच्या माथ्यावर, सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर आणून ठेवण्यात आला. छत्रीसारखी उलगडणारी नऊ मीटर व्यासाची जाळी त्याला जोडलेली होती. अहमदाबादच्या भूकेंद्रातून वर पाठविलेले चित्र तो प्रबळ करून भारताकडे परत फेकीत असे. उपग्रहाची शक्ती मोठी असल्यामुळे जमिनीवरील साधन साधे व स्वस्त ठेवता आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची थाळी, तिच्यातील क्षीण लहरींना चित्रवाणीच्या योग्य करणारी एक पेटी आणि कृष्णधवल चित्राचा मोठा संच, एवढेच ते साहित्य. हे संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तयार केले. रायपूरच्या खेड्यात ही थाळी नैर्ऋत्येकडे कललेल्या पश्चिम आकाशाला तोंड करून, क्षितिजापासून सुमारे एक तृतीयांश उंचीवर रोखलेली असे. तेथे डोळ्यांना काहीच दिसत नसे. तरीही शाळेच्या अंगणातल्या त्या जाळीकडे गावकरी मोठ्या कुतूहलाने पाहत असतील, याची कल्पना करणे अवघड नाही.

राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतील मागासलेले प्रदेश निवडण्यात आले, आणि सुमारे चोवीसशे खेड्यांत हे संच बसविण्यात आले. मध्य प्रदेशातील निवड रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या तीन जिल्ह्यांची होती. तेव्हाचा रायपूर जिल्हा अवाढव्य होता. आजचे महासमुंद व धमतरी हे जिल्हे १९९८ साली, तर बलौदाबाजार व गरियाबंद २०१२ साली त्यातून वेगळे झाले. भातशेतीचा हा मुलूख. पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडावयाचे आणि बरीच खेडी एकमेकांपासून तुटावयाची. प्रयोगाचा प्रारंभ झाला तोही ऐन पावसाळ्यात, १ ऑगस्ट १९७५ रोजी. बहुतेक संच विजेवर चालत, काही थोडे विद्युत्घटांवर. वीज येई-जाई, दाब कमीजास्त होई. संच बिघडला तर तो दुरुस्त करणारा माणूस वेळेवर पोहोचणे हे आकाशातील उपग्रहाइतकेच महत्त्वाचे होते. गावात संचाची देखभाल करणारा रक्षक नेमलेला असे. संच बहुधा शाळेत असल्यामुळे ही कामगिरी अनेक ठिकाणी गुरुजींकडेच आली.

दररोज चार तास प्रक्षेपण चाले. सकाळचा दीड तास शाळेतील मुलांसाठी, प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे याप्रमाणे. आणि सायंकाळचे अडीच तास प्रौढांसाठी. त्यांत शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, करमणूक आणि अर्धा तास सर्वांसाठी समान असा राष्ट्रीय कार्यक्रम असे. ग्रामीण प्रेक्षकांचे कार्यक्रम दिल्ली, कटक आणि हैदराबाद येथे तयार होत, आणि त्यांची जबाबदारी आकाशवाणीच्या चित्रवाणी विभागाकडे होती. कारण दूरदर्शन हे स्वतंत्र खाते झाले ते १ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे प्रयोग निम्म्याहून अधिक झाल्यावर. मुलांसाठी विज्ञानाचे काही कार्यक्रम अवकाश-संशोधन संघटनेने मुंबईत निर्माण केले.

या वर्षाची चर्चा करणारे लोक सायंकाळच्या गर्दीविषयी पुष्कळ बोलतात. परंतु त्याच्या पोटात एक दुसरा, कमी बोलला गेलेला उपक्रम होता, आणि सेवेतील शिक्षणाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. ऑक्टोबर १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्यात, शाळांच्या सुट्टीच्या काळात, प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे बारा-बारा दिवसांचे दोन वर्ग घेण्यात आले. प्रत्येक वेळी सुमारे चोवीस हजार, म्हणजे दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस ते पन्नास हजार शिक्षक त्यांत सहभागी झाले. चोवीसशे संच आणि चोवीस हजार शिक्षक! याचा अर्थ असा, की सरासरीने एका संचापुढे दहा शिक्षक बसले. दहांचा वर्ग हा कोणत्याही अध्यापन विद्यालयाला हेवा वाटावा असा वर्ग आहे. आणि तो भरला तो राजधानीत नव्हे, आपल्याच परिसरातील एखाद्या खेड्याच्या शाळेत.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राने या वर्गांची आखणी केली होती, आणि त्या आखणीतील शहाणपण आजही वाखाणण्यासारखे आहे. चित्रवाणीचा पाठ हा तिचा एक भाग होता, सर्वस्व नव्हता. त्याच्या जोडीला रेडिओवरील कार्यक्रम होते, छापील मार्गदर्शिका होती, प्रत्यक्ष करावयाचे प्रयोग होते आणि प्रत्येक ठिकाणी चर्चा घडवून आणणारा, वर्गाला धरून ठेवणारा एक मार्गदर्शक शिक्षक होता. पडद्यावर जे दिसले, ते लगेच हातांनी करून पाहावयाचे. ज्या शाळेत प्रयोगशाळा तर राहोच, पण धड फळाही नाही, तेथे विज्ञान शिकवावयाचे कशाने? भोवतालच्या वस्तूंनीच. पेला, पाणी, मेणबत्ती, माती, भिजविलेले धान्य, उन्हात रोवलेली काठी आणि तिची सावली यांतून विज्ञानाची मूळ तत्त्वे उलगडता येतात. पालथा पेला पाण्यात सरळ दाबला तर आत पाणी का शिरत नाही, हे पाठ करून घेणारा शिक्षक आणि करून दाखविणारा शिक्षक यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिला विज्ञान सांगतो, दुसरा ते शिकवितो.

येथे चित्रवाणीने नेमके काय केले, हे पारखून घेतले पाहिजे. तिने कालव्यातील गळती थांबविली. कुशल अध्यापकाचा प्रयोग, त्याची हाताळणी, मुलाला प्रश्न विचारण्याची त्याची रीत ही जशीच्या तशी, एकाच क्षणी, बिलासपूरच्या आणि बिहारमधील मुझफ्फरपूरच्या शिक्षकापुढे आली. मधल्या तीन पायऱ्या गळून पडल्या. आणखी एक गोष्ट घडली, तिची नोंद आकडेवारीत होत नाही. ज्याची दखल तपासणीपुरतीच घेतली जाई, अशा प्राथमिक शिक्षकाला प्रथमच असे दिसले, की देशातील अत्यंत प्रगत साधन आपल्यासाठी, आपल्या गावात आले आहे. एरवी नवे यंत्र आधी मंत्रालयात येते, मग जिल्ह्याच्या कचेरीत, आणि जुने झाले म्हणजे शाळेत. या वेळी ते आधी शाळेत आले. सन्मान हाही शिक्षणाचा एक घटक असतो, हे प्रशिक्षणाच्या योजना आखणाऱ्यांनी विसरू नये.

परंतु पडद्याला जे जमले नाही, तेही तितकेच स्पष्ट आहे. पडदा प्रश्न ऐकत नाही. पेला पाण्यात तिरपा धरला गेला आणि आत पाणी शिरले, तर पडद्यावरील अध्यापक थांबत नाही. तो पुढच्या प्रयोगाकडे वळलेला असतो. तेथे थांबून ‘पुन्हा करा, पेला सरळ धरा’ असे सांगणारा माणूस खोलीतच लागतो. बारा दिवसांच्या वर्गात तो माणूस होता, म्हणून तो वर्ग झाला. वर्षभराच्या सायंकाळच्या प्रक्षेपणात मात्र असा माणूस सर्वत्र नव्हता. आरंभीच्या दिवसांत संचापुढे जमलेली गर्दी नवलाई सरल्यावर ओसरली आणि मग एका पातळीवर स्थिरावली. संशोधकांनी, त्यांत गावांत मुक्काम ठोकून राहिलेले मानववंशशास्त्रज्ञही होते, या वर्षाचा बारकाईने अभ्यास केला. एखाद्या नव्या यंत्राबरोबर त्याचे मूल्यमापनही इतक्या गांभीर्याने व्हावे, ही आपल्याकडे दुर्मीळ अशी गोष्ट आहे. पुण्याच्या श्रोतृमंडळांत चिटणीस होता, चर्चा होती, प्रश्न परत पाठविण्याची वाट होती. उपग्रहाने पोच कित्येक पटींनी वाढविली. परतीची वाट मात्र अरुंदच राहिली.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक होता. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश यांना मिळून एकच हिंदी कार्यक्रम जात असे. छत्तीसगडच्या खेड्यात घराघरांत बोलली जाते ती छत्तीसगढी. दिल्लीच्या चित्रशाळेतील संस्कृतप्रचुर हिंदी शिक्षकाला समजे. तो ती वर्गात वाचीतच असे. शेतकऱ्याच्या घरातील स्त्रीला ती कितपत जवळची वाटत असेल? विशेष हे, की १९६३ पासून रायपूरला आकाशवाणीचे केंद्र होते आणि त्याच्या ग्रामीण कार्यक्रमांतून छत्तीसगढी बोली घरोघर पोहोचलेली होती. उपग्रह जितका उंच, तितके त्याच्या दृष्टीला खेड्याखेड्यांतील अंतर कमी दिसते. पण बोलीबोलींतील अंतर त्यामुळे कमी होत नाही. हीच भाषा, हीच शेती, हीच खते त्या गावात चालतात काय, हे उंचावरून ओळखता येत नाही. त्यासाठी खेडा जिल्ह्यात, अहमदाबादजवळ, त्याच वर्षी स्थानिक भाषेचा आणि स्थानिक प्रश्नांचा निराळा प्रयोग हाती घेण्यात आला, आणि तो पुढे कित्येक वर्षे चालला.

काळाचा संदर्भही दृष्टिआड करता येत नाही. प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा देशात आणीबाणी जाहीर होऊन महिना उलटला होता. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते. अशा वेळी बोलणारा एक, ऐकणारे लक्षावधी आणि उत्तर देण्याची सोय नाही, असे साधन शासनाच्या हाती येणे यात जो धोका असतो, तो कोणत्याही विचारी माणसाने ओळखावा. प्रशिक्षण आणि प्रचार यांत फरक कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. प्रशिक्षणात शिकणाऱ्याला शंका काढण्याचा अधिकार असतो. प्रचारात तो नसतो. यंत्र दोहोंचे एकच असू शकते.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला. उपग्रह उसना होता. ठरल्याप्रमाणे तो पश्चिमेकडे परत गेला. अंगणातल्या थाळ्या जेथे रोखलेल्या होत्या, तेथे आता त्यांच्यासाठी काही उरले नव्हते. वर्षभर लागलेली सवय एका दिवसात तुटली. १९७७ साली रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपक उभा राहिला, त्यामुळे प्रयोगातील काही गावांना चित्र पुन्हा मिळू लागले. पण मनोऱ्याची ती जुनी मर्यादा कायमच होती. दूरची गावे दूरच राहिली. प्रयोगाचा हिशेब मांडताना ही बाजूही लिहावी लागते. एखाद्या गावाला एक वर्ष शिकवून मग थांबणे, हे प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने यश असते. गावाच्या दृष्टीने ती खंडित झालेली शाळा असते.

मात्र त्या वर्षाने देशाला आत्मविश्वास दिला. १९८३ साली अवकाशात गेलेल्या इन्सॅट-१ब पासून आपल्या मालकीच्या उपग्रहावरून चित्रवाणी नियमित सुरू झाली. महाराष्ट्रात नागपूरच्या परिसरातील खेड्यांना तिचा लाभ झाला, आणि १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन होऊन मराठी शालेय कार्यक्रम निर्माण करू लागली. ती संस्था २०१७ साली बंद झाली. साधने टिकविण्यापेक्षा त्यांचे उद्घाटन करणे आपल्याला अधिक जमते, असे यावर कोणी म्हटले तर त्याला चटकन उत्तर देता येणार नाही.

परतीच्या वाटेचा विचार पुढे झाला. १९९६ साली कर्नाटकात आणि मध्य प्रदेशात प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात चित्र एका दिशेने आणि आवाज दोन्ही दिशांनी, अशी व्यवस्था करून पाहण्यात आली. दूरच्या केंद्रात बसलेल्या शिक्षकाने दूरध्वनीवरून प्रश्न विचारावा आणि चित्रशाळेतील तज्ज्ञाने तेथल्या तेथे उत्तर द्यावे, अशी ती रचना होती. त्याच वर्षी मध्य प्रदेशातीलच झाबुआ जिल्ह्यात आदिवासी गावांसाठी आणि तेथील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठी उपग्रहाधारित विकास-संवादाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातही उलट बोलण्याची सोय होती. वीस वर्षांपूर्वी रायपूरच्या शिक्षकाला जे मिळाले नव्हते, ते हे होते. २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीच वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह भारताने आपल्या प्रक्षेपकाने पाठविला, तेव्हा साराभाईंच्या कल्पनेचे एक वर्तुळ पुरे झाले.

दरम्यान १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा या राज्याने एप्रिल महिन्यातच आपली दूरशिक्षणाची योजना जाहीर केली. तिचे नाव होते ‘पढई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी. १९७५ साली ज्या बोलीला उपग्रहाच्या प्रक्षेपणात आपले स्थान मिळाले नव्हते, ती आता योजनेच्या नावात येऊन बसली होती. आणि पुढे काय घडले ते अधिक बोलके आहे. पुष्कळ घरांत योग्य तो दूरध्वनी नव्हता, जेथे होता तेथे लहरी पोहोचत नव्हत्या. तेव्हा काही गावांत पाठ ध्वनिक्षेपकावरून ऐकविण्यात आले, ‘बुलटू के बोल’ या नावाने ब्लूटूथच्या साहाय्याने ते एका हातातून दुसऱ्या हाती देण्यात आले, आणि ‘पढई तुंहर पारा’ या उपक्रमात शिक्षक स्वतः वस्तीवर जाऊन मोकळ्या जागेत मुलांना शिकवू लागले. यंत्र जेथे अडले, तेथे माणूस चालत गेला.

आज सेवेतील माणसाच्या शिक्षणाची साधने अशी विपुल आहेत, की १९७५ च्या कार्यकर्त्यांना ती स्वप्नवत वाटली असती. शिक्षकांसाठी २०१७ पासून ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या कर्मयोगी अभियानाने शासकीय कर्मचाऱ्यांसाठी चित्रफितींचे अभ्यासक्रम त्यांच्या हातातल्या दूरध्वनीत आणून ठेवले आहेत. थाळी नको, संच नको, ठरावीक वेळही नको. पाठ हवा तेव्हा थांबविता येतो, पुन्हा पाहता येतो. कालव्याची गळती जवळजवळ शून्यावर आली आहे. पण सोयीबरोबर एक नवा मोह आला आहे. चित्रफीत सुरू करून बाजूला ठेवावी, अखेरच्या चार प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि प्रमाणपत्र घ्यावे! कचेरीच्या अहवालात शंभर टक्के कर्मचारी प्रशिक्षित होतात, आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या नागरिकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पोहोचले म्हणजे शिकले, असे समजण्याची चूक ज्या काळी पोहोचणेच दुर्घट होते त्या काळी क्षम्य होती. आता ती क्षम्य नाही.

१९५६ च्या पुण्यापासून आजपर्यंतच्या या वाटचालीत साधने बदलत गेली. शिकणाऱ्या माणसाची गरज फारशी बदलली नाही. त्याला चांगला नमुना पाहावयास मिळाला पाहिजे. ते काम पडद्याने उत्तम केले आहे. त्याला तो आपल्या हातांनी, आपल्या साहित्याने, आपल्या भाषेत करून पाहता आला पाहिजे. चुकला तर दाखवून देणारा कोणी जवळ असला पाहिजे. आणि त्याच्या शंकेला उत्तर मिळाले पाहिजे. ऑक्टोबर १९७५ मधल्या त्या बारा दिवसांत, एका संचापुढे बसलेल्या दहा शिक्षकांना यातील बहुतेक गोष्टी एका खेड्याच्या शाळेत मिळाल्या होत्या. नव्या योजनांची आखणी करणाऱ्यांनी आपल्या योजनेत त्या दहा जणांसाठी जागा आहे काय, त्यांच्या जवळ बसणारा अकरावा माणूस आहे काय, आणि त्याला दिवसाचा पुरेसा वेळ दिला आहे काय, एवढे तपासून पाहावे. उपग्रहाचा खर्च ज्या देशाला झेपला, त्याला या अकराव्या माणसाचा खर्च जड वाटण्याचे कारण नाही.